दोन बोटं हाड

चंडीगड, १४ ऑक्टोबर २०२५

मामा,

वाकून नमस्कार करायला अजून जमत नाही, त्यामुळे उभ्यानेच केला असं समजा.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहितो आहे. मामी म्हणाल्या की तुम्ही तो बंद करून कपाटात ठेवला आहे. पत्र आलं तर तुम्ही ते वाचाल हे मला माहीत आहे. दुकानात तेजाबाच्या कॅनवरचा कागदसुद्धा तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचात. पाकिटावर फक्त तुमचं नाव घातलं आहे. आधी कच्चं लिहिलं, शब्द तपासले आणि आता पक्कं लिहितो आहे.

मी अजून सरायमध्येच राहतो. सराय म्हणजे हॉस्पिटलला लागून असलेली धर्मशाळा. आई ऑगस्टमध्ये गावी गेली, ताईचं बाळंतपण आलं म्हणून. मीच तिला जा म्हटलं. जेवणाची अडचण नाही. दुपारी फाटकाबाहेर लंगरची गाडी येते. पहिले काही दिवस रांगेत उभं राहायला लाज वाटली, आता वाटत नाही. आता कशाचंच फारसं काही वाटत नाही, पण जेवतो वेळेवर.

तुम्ही मे महिन्यात आलात आणि वॉर्डाच्या दारातूनच बघून गेलात, तेव्हा सगळं बांधलेलं होतं. पाय कुठे संपतो ते तुम्हाला दिसलं नसेल. डावा पाय गुडघ्याच्या थोडा वर संपतो. उजवा पूर्ण आहे, पोटरीत लोखंडाचे बारीक तुकडे राहिलेत, ते काढायचे नाहीत असं ठरलं आहे. कृत्रिम पाय मिळाला आहे. दोन दांड्यांच्या मधून चालायचा सराव रोज सकाळी असतो. पाय बनवणारे हरमीतजी म्हणून सरदारजी आहेत. ते मला 'मराठे' म्हणतात. पूंछच्या बाजारात पण सगळे तसंच म्हणायचे, त्यामुळे मी लगेच ओ देतो.

चालताना दुखतं. एक्स-रेचा फोटो काढल्यावर कळलं की कापलेल्या हाडाच्या टोकाला नवं हाड वाढलं आहे, काट्यासारखं. स्फोटाच्या जखमेत असं होतं म्हणे. ते काढायला डिसेंबरात परत ऑपरेशन आहे.

आईला मी सांगितलं आहे की त्या दिवशी मी चार्जर आणायला दुकानात परत गेलो होतो. हॉस्पिटलमध्ये तेच सांगितलं. वर्तमानपत्रवाला आला होता, त्यालाही तेच. तुम्हाला कोणी विचारलं तर तुम्हीही चार्जरच म्हणा, नाहीतर दोघांचं वेगवेगळं होईल.

एकच विचारायचं आहे. मामी म्हणाल्या की संक्रांतीनंतर तुम्ही पूंछला जाऊन दुकान उघडणार. भट्टीपुढची माझी जागा ठेवली आहे का? हो किंवा नाही एवढंच मामींना सांगा, त्या मला कळवतील.

अभिषेक


चंडीगड, २ नोव्हेंबर २०२५

मामा,

मामींचा फोन आला होता. दिवाळीचं सांगितलं, ताईच्या बाळाचं सांगितलं. जागेचं काही सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "पत्र वाचलं त्यांनी. वाचून मागच्या अंगाला गेले." म्हणजे पत्र पोचतं, एवढं कळलं.

हरमीतजींना मी गलाई म्हणजे काय ते समजावून सांगितलं. सराफ जुनं सोनं आणतात, आम्ही ते वितळवून शुद्ध करून लगड परत देतो. ते म्हणाले, "तो सुनार हो।" मी म्हटलं, सुनार दागिने घडवतो, आम्ही मोडतो. ते हसले. "चंगा काम है, मराठे। तोड़ने का पैसा मिलता है।" मग म्हणाले, बसून दाखव कसा बसतोस.

मी फरशीवर बसून दाखवलं. तुम्हाला माहीतच आहे, डावी मांडी मुडपायची, उजवा गुडघा उभा ठेवायचा आणि कोपर त्या गुडघ्यावर टेकवून सांडशी धरायची, म्हणजे मुशीतलं वितळलेलं सोनं ओतताना हात हलत नाही. उजवा गुडघा उभा राहिला. डावा, म्हणजे त्यांनी केलेला, सरळ समोर गेला. तो गुडघा फक्त मागे वाकतो, आत वळत नाही. भट्टी असती तर पाय भट्टीत गेला असता. हरमीतजी बराच वेळ बघत राहिले.

यावर एक उपाय आहे. गुडघ्याच्या वर एक फिरकी बसवतात. कळ दाबली की खालचा पाय आत फिरतो आणि मांडी घालता येते. त्यांच्याकडे एक नमुना होता, तो मी हातात घेऊन फिरवून बघितला. काम चांगलं आहे, खडखडत नाही. पण माझ्या पायाला ती बसत नाही, कारण माझं हाड लांब राहिलं आहे. हाडाच्या टोकाखाली आधी गुडघा बसवायचा आणि त्याच्या वर फिरकी, एवढी जागा उरत नाही. बसवलीच तर तो गुडघा उजव्यापेक्षा खाली जाईल आणि चाल बिघडेल. "मेरे पास जगह ही नहीं है, पुत्तर," असं ते म्हणाले. जसं काही जागा त्यांनीच ठेवायची होती.

मी विचारलं, किती जागा हवी? त्यांनी बोटं धरून दाखवली. दोन बोटं.

डिसेंबरात ऑपरेशन तर होणारच आहे. हाड तर उघडणारच आहेत. तेव्हाच दोन बोटं जास्त कापलं तर फिरकी बसेल. हे मी हरमीतजींना म्हटलं नाही. डॉक्टर मॅडमना विचारणार आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. जो पाय नाही, त्याचा घोटा मला जाणवतो. सगळ्यांना काहीतरी जाणवतं म्हणतात, कोणाला बोटं, कोणाला खाज. मला बाहेरचा घोटा फरशीला टेकल्यासारखा वाटतो, मांडी घातल्यावर टेकतो तसा. कॉटवर झोपलो असलो तरी तो टेकलेलाच असतो.

अभिषेक


चंडीगड, २३ नोव्हेंबर २०२५

मामा,

डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या आधी समजल्याच नाहीत. त्यांना वाटलं मी हाड वाचवा म्हणतो आहे. मी पुन्हा नीट सांगितलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "अभिषेक, लोग मेरे सामने रोते हैं कि थोड़ा और बचा दो। लंबी हड्डी मतलब ताकत।" मी म्हटलं, चालण्यासाठी ताकद आहे, पण माझं काम बसण्याचं आहे. त्या म्हणाल्या, काम बदल. शेवटी म्हणाल्या, घरातल्या मोठ्या माणसाशी बोल, विचार कर आणि मग ये.

मोठं माणूस म्हणजे तुम्हीच. बाबा असते तर त्यांना लिहिलं असतं. म्हणून हे सगळं तुम्हाला लिहितो.

इथे रागिणीताई म्हणून आहेत. त्यांचे मिस्टर एअर फोर्समध्ये आहेत, मूळ कराडचे. इथल्या मराठी लोकांकडून त्यांना माझं कळलं आणि तेव्हापासून दर रविवारी त्या डबा पाठवतात. या रविवारी त्यांनी घरीच जेवायला नेलं. थालीपीठ केलं होतं. टेबलावर पानं मांडली होती, मला खुर्ची दिली. मी फिरकीचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अरे पण भट्टी टेबलावर ठेवा ना. उभं राहून करा. त्यात काय एवढं?"

मी त्यांना सांगितलं की आमच्यात उभ्याने सोनं ओतत नाहीत. मूस तडकली तर बसलेल्या माणसाच्या पुढच्या परातीत थेंब राहतात, उभ्याच्या हातून पडले की खोलीभर उडतात. पायात काही घालून पण दुकानात येत नाहीत, चपलेच्या तळाला धूळ लागून बाहेर जाते आणि त्या धुळीत सोनं असतं. "आमचा केरसुद्धा आम्ही टाकत नाही," असं मी म्हटलं आणि तिथेच थांबलो. त्यांनी पुढे विचारलं नाही. त्या हुशार आहेत.

त्यांची मुलगी आर्या तिसरीत आहे. मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदी. तिने विचारलं, "भैया, आपके यहाँ सायरन नहीं बजा था? हमारे यहाँ तो बजा था। लाइट भी बंद की थी।" मे महिन्यात इथेही सायरन वाजले होते, ती आईच्या कुशीत पलंगाखाली बसली होती. मी म्हटलं, आमच्याकडे आधी गोळाच आला. ती म्हणाली, "ये तो चीटिंग है।" रागिणीताईंनी तिला आतल्या खोलीत पाठवलं आणि माझी माफी मागितली. मला राग आला नव्हता. हसूही आलं नव्हतं. मी थालीपीठ संपवलं.

त्या दिवसाचं आपण दोघं कधी बोललो नाही, म्हणून इथे एकदा लिहितो, म्हणजे माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला कळेल. रात्रीपासून गोळे पडत होते. दुपारी थोडं थांबलं. जम्मूला जाणारी गाडी चौकात उभी होती. सराफांचा माल, काटा, कपडे, सगळं आपण गाडीत ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात, केर राहिला. केराचा डबा भट्टीमागे होता. वर्षभराचा केर होता, झाडलेला, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, जुन्या गोणपाटाची राख. दुसऱ्या कोणाला तो डबा दिसला असता तर त्याने लाथ मारली असती. मी म्हटलं, मी आणतो. तुम्ही मला पाठवलं नाही. मीच आणतो म्हणालो. गल्लीच्या तोंडाशी परत आलो तेव्हा डबा माझ्या डोक्यावर होता.

असंच झालं होतं. तुम्हाला वेगळं आठवत असेल तर ते चुकीचं आहे.

दुकान उघडल्यावर मी माझ्या जागी बसेन. फिरकी लागली की बसता येईल. तुम्ही फक्त कळवा.

अभिषेक


चंडीगड, ८ डिसेंबर २०२५

मामा,

तुमचं काही आलं नाही. मामींना विचारलं तर म्हणाल्या, "ते कोणाशीच बोलत नाहीत रे, तुझ्याशीच नाही असं नाही." मग म्हणाल्या की तुम्ही रोज मागच्या अंगाला बसून असता. मी विचारलं, कशावर बसतात? त्यांना तो प्रश्न विचित्र वाटला. "खालीच, दुसरं कशावर?"

मी डॉक्टर मॅडमना सांगून आलो की घरी बोललो. खोटं नाही, मी बोललो आहे. उत्तर आलं नाही एवढंच. त्या म्हणाल्या, काटा तर काढायचाच आहे, बाकीचं तुझ्या हाताने लिहून दे. मी हिंदीत अर्ज लिहून दिला. त्यांनी वाचला, म्हणाल्या अक्षर छान आहे. तरी पेन्सिलीने कोपऱ्यात प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आणि सांगितलं, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी येऊन शेवटचं विचारीन.

ऑपरेशन १९ तारखेला आहे. हरमीतजींना कळल्यापासून ते माझ्याशी मस्करी करत नाहीत. काल दांड्यांच्या मधून चालताना म्हणाले, "तेरी चाल सबसे अच्छी है यहाँ। ये लड़के तेरे को देख के सीखते हैं।" मी म्हटलं, फिरकी लावल्यावर पण शिकेन. ते म्हणाले, शिकशील, पण हा पाय परत येणार नाही. मी म्हटलं, कोणताच येणार नाही. यावर ते दुसऱ्या मुलाकडे गेले.

ऑपरेशनला सोबत एक माणूस लागतो, बाहेर थांबायला. आईला कळवलेलं नाही, तिला नुसतं काट्याचं माहीत आहे. रागिणीताई म्हणाल्या, मी थांबेन. त्यामुळे तशी अडचण नाही. हे फक्त माहितीसाठी लिहिलं आहे.

थंडी पडली आहे. सकाळी धुकं असतं, समोरचा चौक दिसत नाही, नुसते गाड्यांचे दिवे गोल फिरताना दिसतात.

अभिषेक


चंडीगड, २७ डिसेंबर २०२५

मामा,

ऑपरेशन झालं. रागिणीताईंना मीच सांगितलं होतं की मामींना 'झालं' एवढंच कळवा. किती कापलं ते मी स्वतः लिहिणार होतो. पण त्याआधी १८ तारखेचं लिहितो. तुम्ही जे बोललात त्याचं खरं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. आणि पुढे कधी तुम्ही म्हणाल की मी असं बोललोच नाही, म्हणून तुमचे शब्दही लिहितो.

तुम्ही येणार हे मला माहीत नव्हतं. मी हरमीतजींच्या खोलीत खुर्चीत बसलो होतो, तुम्ही दारात दिसलात, खांद्यावर ती निळी बॅग. मला वाटलं, आता बघतील आणि जातील. तुम्ही चपला बाहेर काढल्या आणि आत आलात. येऊन सरळ फरशीवर बसलात. हरमीतजी म्हणाले, "चाचाजी, ऊपर बैठो, कुर्सी है।" तुम्ही म्हणालात, "हम नीचे का आदमी है।"

मी खुर्चीत आणि तुम्ही खाली, असं कधी झालं नव्हतं. मला खाली उतरता येईना, कारण पाय लावलेला नव्हता. तुमच्या डोक्याचा वरचा भाग मी पहिल्यांदा पाहिला. केस पार गेले आहेत तिथले. हरमीतजींनी चहा मागवला. तुम्ही चहा पिऊन कप पुसून ठेवलात.

मग मी कुबड्यांवर आणि तुम्ही मागून, असे मॅडमकडे गेलो. मॅडमनी तुम्हाला फोटो दाखवला, इथपर्यंत हाड आहे, हा काटा, आणि तुमचा भाचा म्हणतो इथून कापा. तुम्ही विचारलंत, "किसलिए?" त्या म्हणाल्या, "काम के लिए। नीचे बैठने के लिए।" तुम्ही त्या फोटोकडे एवढा वेळ बघत होता की मॅडमनी घड्याळ बघितलं. मग तुम्ही म्हणालात, "मॅडम, इसको उस दिन मैंने भेजा था।"

मी म्हटलं, मामा, चार्जर. तुम्ही ऐकलं नाही. "चार्जर वगैरे कुछ नहीं। कचरा लाने भेजा था। ये जाता नहीं था। बोला, मामा, रहने दो। मैंने बोला, जा।"

मॅडम म्हणाल्या, "कचरा?" तुम्ही म्हणालात, "सोने का कचरा।" त्यांना ते कळलं नाही. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चाचाजी, ये मुझे लिखना नहीं है। आप बाहर बैठ के बात कर लीजिए।"

बाहेर बाकडं रिकामं होतं, तरी तुम्ही भिंतीला टेकून खालीच बसलात. तिथे आपलं जे बोलणं झालं ते असं.

तुम्ही म्हणालात, "हाड कापून घ्यायला निघालास. कुणासाठी? माझ्यासाठी? मी मागितलं व्हय तुझ्याकडं?"

मी म्हटलं, दुकान कोण चालवणार?

"दुकान गेलं खड्ड्यात."

मी म्हटलं, मग संक्रांतीला उघडणार कशाला?

तुम्ही खांद्यावरची बॅग खाली ठेवलीत. मग म्हणालात, "भट्टी वर घेतो. ओटा बांधतो, कमरेएवढा. तू स्टुलावर बस न्हाय तर उभा ऱ्हा."

मी म्हटलं, उभ्याने ओतायचं नाही.

"कुणी सांगितलं?"

तुम्ही.

तेव्हा तुम्ही वर बघितलंत. "मी सतरा गोष्टी सांगतो. समदं ऐकायचं नसतं रे. त्या दिवशीबी ऐकायचं नव्हतं."

शेजारी एक बाई पेशंटला मोसंबी सोलून देत होती, ती आपल्याकडे बघायला लागली. तिला मराठी येत नसणार. मी म्हटलं, "मे महिन्यात दारातून गेलात, तसे आताही जा."

तुम्ही उठलात. बॅगेतून मामींनी दिलेला डबा काढून बाकड्यावर ठेवलात आणि गेलात. चपला हरमीतजींच्या दाराशी राहिल्या होत्या, त्या घ्यायला परत आलात, तेव्हा मी तोंड फिरवून बसलो होतो. मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी म्हणाल. तुम्हालाही तसंच वाटलं असेल.

१९ ला सकाळी मॅडम आल्या. माझा अर्ज त्यांच्या हातात होता. पायावर खूण करायचं पेन घेऊन म्हणाल्या, "तो? दो इंच?" मी म्हटलं, नहीं मॅडम, सिर्फ काँटा. त्या म्हणाल्या, "पक्का?" मी म्हटलं, पक्का. त्यांनी अर्ज फाडला आणि खूण केली. रागिणीताई बाहेर बसून होत्या. शुद्धीवर आलो तेव्हा मी आधी हात लावून बघितला. हाड तेवढंच आहे.

आता का, ते लिहितो. मी स्वतःला सांगत होतो की मला कामासाठी बसायचं आहे. तुम्ही गेल्यावर सरायमध्ये मामींचा डबा उघडला, जेवलो, आणि जेवताना लक्षात आलं की तसं नव्हतं. मी पुन्हा त्या जागी बसलो असतो, तर दुकानात येणारा सराफ म्हणाला असता, हा तर होता तसाच आहे. तुम्हालाही रोज मी होतो तसाच दिसलो असतो. मग केराचं बोलायची वेळच आली नसती, तुमच्यावरही नाही आणि माझ्यावरही नाही. त्यासाठी दोन बोटं हाड मला जास्त वाटत नव्हतं. तुम्ही ते मॅडमसमोर बोलून टाकलंत. आता हाड देऊन काही मिळण्यासारखं राहिलं नाही.

तुम्ही सांगितलंत ते खरं आहे. मी 'राहू दे' म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं. आईला तुम्ही सांगणार असाल तर सांगा, मी चार्जरला धरून बसणार नाही. सांगणार नसाल तर मी आपणहून सांगणार नाही.

फिरकी आता बसणार नाही. हरमीतजी नवीन पाय करत आहेत, चालण्याचा. काल येऊन माप घेऊन गेले, सूज उतरली की पुन्हा घेतील. जाता जाता म्हणाले, "तेरा मामा चप्पल बड़ी जल्दी में पहन के गया। उलटी पहनी थी।" हे तुम्हाला माहीत नसेल.

संक्रांतीनंतर मी दुकानात येणार नाही. ओटा बांधू नका. सगळं ऐकायचं नसतं असं तुम्ही म्हणालात, म्हणून हेही ऐकत नाही. रागाने लिहीत नाही. राग यायला हवा होता, तो कधी येईल माहीत नाही, आला तर तेव्हा कळवीन. सरायच्या मागे जनरेटर आहे, तो सुरू होताना भट्टीच्या पंख्यासारखा आवाज येतो, आणि तेवढा वेळ मी कॉटची कड धरून ठेवतो. असा माणूस भट्टीपुढे उभ्यानेही चालणार नाही आणि बसूनही नाही. माझी जागा ज्याला द्यायची त्याला द्या. पुढे मी काय करणार ते ठरलेलं नाही. मामींना विचारायला लावू नका.

घोट्याचं मागे लिहिलं होतं. तो अजून टेकलेलाच आहे.

टाके निघाले, नवीन पाय बसला आणि चाल जमली की फेब्रुवारीत घरी येईन. ताईचं बाळ बघायचं आहे. तुमच्याकडेही येईन. फाट्यावर रिक्षा बघून ठेवा, तिथून चालणं होणार नाही, पण दारापासून आत मी चालत येईन. ओसरीवर दोन खुर्च्या ठेवा. एक माझ्यासाठी, दुसरीत तुम्ही बसा. जमिनीवर बसू नका. तुम्ही खाली बसलात की मला तुमचं तोंड दिसत नाही.

अभिषेक